कॅसेटची दुसरी बाजू

"माजी सगळी हयात ड्रममदी गेली, मॅडम," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मी सहानुभूतीने मान हलवली. आम्ही दोघं निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांच्या रांगांमधे उभे होतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते, आणि ते तिथले स्टोअरकीपर, सगळ्यांचे काका. त्या निळ्या पिंपांना कारखान्यात ड्रमच म्हणतात. मला वाटलं, बिचारे निवृत्तीला आलेत, पिंपं मोजून मोजून कंटाळले असतील.

त्यांना म्हणायचं होतं ते वेगळंच, हे मला महिनाभराने कळलं. घिवलीहून रोज स्कूटरवर येणारा, कपाळाला गंध लावणारा, हातमोज्यांचा नवा जोड मागितला तर जुन्या जोडाची भोकं तपासून बघणारा हा माणूस एका इंग्रज ड्रमवाल्याचा भक्त होता. भक्त हा शब्द मी विचार करून वापरते आहे. चाहते मी पुष्कळ पाहिलेत. ते पोस्टर लावतात, टी-शर्ट घालतात. काकांनी यातलं काही केलं नाही. ते त्याचं नावही घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, अगदी तसंच. "आमचे साहेब" एवढंच म्हणायचे. साहेब एका प्रसिद्ध रॉक बँडमधे ड्रम वाजवत, ऐन भरात असताना वारले, आणि नंतर त्या बँडने पुन्हा कधी स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. इतकं सांगितलं की काकांच्या मते सगळं सांगून झालं. ज्याला पुढे विचारायचं असेल त्याला ते घरी बोलवायचे. काकांची रीत पाळून मीही नाव घेत नाही.

स्टोअरमधे त्यांची कीर्ती निराळ्या कारणाने होती. उत्तर प्रदेशातली पोरं खिडकीशी येऊन ओरडायची, "चाचा, ग्लव्ज दे दो, बॅच गरम है!" काका शांतपणे चष्मा पुसायचे. "घाई करतो त्याला ठोका सापडत नाय," ते मराठीत सांगायचे, आणि पोरांना न कळताच पटायचं. कारखान्याच्या मागे एक जुना एअर कॉम्प्रेसर होता. जेवणाच्या सुट्टीत काका डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. बाकी सगळे त्या आवाजापासून लांब पळायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "बाय, नीट ऐक. हा साहेबांचा डावा पाय हाय. उजवा कुटंच सापडत नाय." ड्रमवाला पायांनीही ठोके देतो, हे मला तेव्हा कळलं. मेंटेनन्सवाल्यांनी पुढे त्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती केली आणि तो गुळगुळीत चालायला लागला. काका आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ग्रीसचा डबा द्यायलाही त्यांनी त्यांना पार रडवलं.

मॅडमची बाय कधी झाले, मला कळलं नाही. मी त्यांच्या रविवारच्या मंडळात कशी गेले, तेही नीटसं आठवत नाही. बहुधा मी नाही म्हटलं नव्हतं, आणि तेवढीच पात्रता पुरेशी होती.

मंडळ म्हणजे पाच-सहा माणसं. घिवलीला काकांच्या घरामागे नारळाची वाडी होती, तिच्या कडेला पडवी. दुपारी जेवणं उरकली की तिथे बसायचं. आधी पाय धुवायचे. तोंड समुद्राकडे करायचं, कारण इंग्लंड त्या बाजूला आहे. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे मांडीवर, जमिनीवर किंवा कशावरही ताल धरायचा नाही. माझी बोटं एकदा अभावितपणे हलली, तर काकांनी टेप थांबवला.

"साहेब वाजवतायत ना?"

"हो, काका."

"मग तू कशाला?"

मंडळात जे वाजायचं ते कुठल्या दुकानात मिळणारं नव्हतं. दुकानातल्या रेकॉर्डी जगाने ऐकलेल्या. त्यात काय मजा? काकांकडे दुर्मिळ ध्वनिमुद्रणं होती. एकात साहेब नुसते ड्रमचं चामडं ताणून बघत होते. एकात साहेब खोकले, काठ्या खाली ठेवल्या, आणि दार लागल्याचा आवाज आला, बस्स. काका ते डोळे मिटून ऐकायचे आणि संपल्यावर म्हणायचे, "कसलं दार लावलं बघ!" जितकं कमी ऐकू येईल तितकं मुद्रण दुर्मिळ, असा माझा हळूहळू समज झाला. गाणाऱ्याबद्दल काकांचं मत उदार होतं. "तो मधी मधी येतो. चालायचंच."

त्यांनी स्वतः जन्मात कधी काठी हातात धरली नाही. गावच्या गणपतीत एकाने त्यांना क्षणभर ढोल सांभाळायला दिला होता, तर परक्याचं तान्हं मूल धरावं तसा तो दोन्ही हातांवर घेऊन ते उभे राहिले होते, असं काकू हसत हसत सांगायच्या.

काकूंचं माहेर दातिवऱ्याचं. त्या मंडळात बसत नसत. चहा आणून ठेवायच्या, ओट्यावर टेकून एखादा मिनिट ऐकायच्या आणि "जिन्यावरनं भांडी पडली" असा एकच शेरा मारून आत जायच्या. त्यांचं माझ्यावर का कोण जाणे प्रेम बसलं. मी निघाले की पिशवीत केळफूल, ताडगोळे, काहीतरी कोंबायच्या. आईचा विषय निघाला की मात्र जरा गप्प व्हायच्या. त्यांची आई, पोर झाल्यावर लेकीला आणि नातीला घिवलीला पोचवायला आली होती, काही दिवस राहिली, आणि पुढच्याच वर्षी वारली. "तिचा गळा गोड होता गो," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या. "सगल्या गावात बारशाला तिलाच बोलवत."

मंडळातला दुसरा मोठा माणूस म्हणजे पालघरचे एक दंतवैद्य. डॉक्टरांनी दवाखान्यात साहेबांचा मोठा फोटो लावला होता आणि त्याला हार घातला होता. पेशंट खुर्चीत आडवे पडल्या पडल्या विचारायचे, "भाऊ का हो तुमचे?" तोंडात यंत्र घालायची वेळ आलेली असल्यामुळे डॉक्टर "हो" म्हणून टाकायचे. डॉक्टरांकडे सगळं शिस्तीत होतं, संगणकात, तारखांसकट. काका आणि डॉक्टर यांच्यात एका मैफलीत साहेबांनी एक पाय वापरला की दोन, यावरून एक अख्खा पावसाळा अबोला होता. तरी डॉक्टरांना काकांपुढे एका गोष्टीसाठी मान तुकवावी लागायची. ती म्हणजे ती कॅसेट.

कॅसेटची हकीकत मंडळात सगळ्यांना पाठ होती. काकांचा एक चुलतभाऊ बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा थंड बंदरात त्याला एका इंग्रज आचाऱ्याने ती दिली. आचाऱ्याने तरुणपणी साहेबांची एक मैफल खिशात यंत्र लपवून टिपली होती. बदल्यात त्याने काय घेतलं? चुलतभावाच्या पेटीतले सुके बोंबील. कॅसेटला त्यांचा वास पुढे कित्येक वर्षं येत होता म्हणे. पहिल्या बाजूला गाणी. दुसऱ्या बाजूला साहेब एकटे, बाकीचे स्टेजवरून निघून गेलेले, आणि शेवटपर्यंत फक्त ड्रम. या मैफलीचं दुसरं मुद्रण जगात कुठेही नाही, हे डॉक्टरांनीच परदेशी चाहत्यांना विचारून पक्कं केलं होतं.

पहिली बाजू काका वर्षातून एकदा, साहेबांच्या पुण्यतिथीला लावायचे. दुसरी कधीच नाही. फीत नाजूक झाली आहे, म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, म्हणूनच तर संगणकात उतरवून घेऊ. काका म्हणायचे, बघू. अशी बारा महिन्यांची बघू किती वर्षं चालली होती देव जाणे.

शेवटी काका निवृत्त व्हायच्या वर्षी डॉक्टरांचा धीर संपला. चाहत्यांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात पुण्यापासून भिलाईपर्यंतची माणसं होती. डॉक्टरांनी त्यात लिहिलं, "दुसरी बाजू आजवर कुणी ऐकलेली नाही. ती आहे का, असा प्रश्न आता विचारायला हवा." काकांनी ते स्टोअरमधे, पिंपांच्या मधोमध उभं राहून वाचलं. कान लाल झाले. त्यांनी एका बोटाने उत्तर टाइप केलं: "पुण्यतिथीला या. यंत्र घेऊन या."

आणि मग ते एका पिंपावर बसले. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे पिंपावर बसायला बंदी होती आणि ती पाटी काकांनीच लावली होती.

"काय झालं, काका?"

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. दुसरी बाजू होती. पण पुढे, साहेब सगळ्यात रंगात आलेले असताना, तिथे साहेब नव्हते. तिथे काकूंची आई होती. पाळण्यापाशी बसून तिने नातीसाठी अंगाई म्हटली होती, आणि पहिलटकरीण काकूंनी कपाटातून हाताला लागेल ती कॅसेट काढून तांबडं बटण दाबलं होतं. कॅसेटवर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून मागचा एक इवलासा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून ठेवायचा असतो, हे काकांना माहीत होतं. "पण साहेबांच्या वस्तूचं काय मोडायचं? मन होईना."

"मग काकूंना बोललात तुम्ही?"

"एक शब्द नाय!" यावर ते एकदम ताठ बसले. "इतक्या वर्षांत एक शब्द नाय. तिला ठाऊकच नाय तिच्या हातनं काय झालं ते. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"आणि आईचं गाणं? त्या शोधत असतील ना?"

"शोधलं. आय गेल्यावर लई शोधलं. मी सांगितलं, टेपात गुंतली, टाकून दिली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला दिली असती तर रोज लावली असती तिने. झिजली असती. आणि मंग कळलंच असतं."

मी म्हटलं, अजून वेळ आहे, घरी जाऊन सांगा. ते म्हणाले, आता काय सांगायचं? त्यांच्या मनात दुसरी योजना होती. ती जागा त्यांना तोंडपाठ होती; जरा आधी यंत्र बंद करायचं आणि फीत तुटली म्हणायचं. ते नाही जमलं तर वीज जाईल. घिवली हे अणुवीज केंद्राच्या शेजारचं गाव आणि वीज तिथे मनाला येईल तशी जायची, विशेषतः रविवारी. शिवाय काकूंना त्या दिवशी पालघरला बहिणीकडे पाठवायचं ठरवलं होतं.

पुण्यतिथी आली. वीज गेली नाही. काकू पालघरला गेल्या नाहीत, "येवडी मान्सं येनार नि मी भनीकडं जाऊन बसू? त्यांना खायला कोन घालनार, तुमचे सायेब?" असं म्हणून त्यांनी सकाळपासून कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्यांचा घाट घातला. आणि डॉक्टरांनी स्वतःचा टेप, वायरी, लॅपटॉप सगळं आणलं आणि यंत्रापुढे स्वतःच बसले. काकांना त्यांनी मानाने समोरची खुर्ची दिली. बटणापासून चांगली हातभर लांब.

गटातली बाहेरगावची माणसंही आली होती. सगळ्यांनी पाय धुतले. सगळे समुद्राकडे तोंड करून बसले. काकांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून कॅसेट काढली आणि ती डॉक्टरांच्या हातात देताना त्यांचा हात जरा रेंगाळला. मी पाहिलं, त्यांचं सगळं लक्ष वरच्या बल्बकडे होतं. बल्ब ठणठणीत पेटलेला.

साहेब सुरू झाले. मला त्यातलं कळतं असा माझा दावा नाही, पण त्या दिवशी मलाही वाटलं की कुणीतरी मोठं दार मुठीने ठोकतंय आणि ते आता उघडणारच. डॉक्टरांचे डोळे मिटलेले. भिलाईहून आलेला एक गृहस्थ चक्क रडत होता. वेग वाढत गेला. काका खुर्चीतून उठले, "डॉक्टर, जरा... फीत..." म्हणाले. डॉक्टरांनी डोळे न उघडताच हाताने त्यांना बसायची खूण केली.

खट्.

मग एक तान्हं मूल रडलं. भांड्याचा आवाज झाला. एक तरुण बाई म्हणाली, "बटन दाबलाय, आय, म्हण आता." आणि एक थकलेला, जरासा घोगरा, गोड आवाज उमटला:

"नीज गो बाय, भरती आली,
आज्याची होरी किनाऱ्या लागली..."

कुणी हललं नाही. डॉक्टरांनी डोळे उघडले आणि लॅपटॉपकडे असं बघितलं की जणू त्यानेच गाणं म्हटलं. भिलाईवाल्याला मराठी येत नव्हतं. तो रडतच राहिला.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, त्या आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या पडवीत आल्या, सगळ्यांच्या मधून चालत काकांपुढे उभ्या राहिल्या.

"टाकून दिली होती ना?"

काकांनी रिकामा रुमाल खिशात कोंबला.

"मी कपाटं उपसली. माळा उपसला. दातिवऱ्याला जाऊन भावाच्या पाया पडली, तुज्याकडं हाय का म्हणून. नि तुमी माजी आय रुमालात बांधून ठेवलीत?"

"तुला... तुला वाईट वाटलं असतं," काका म्हणाले. "साहेबांच्यावर... तुज्या हातनं..."

"कोन सायेब?" काकू म्हणाल्या.

या प्रश्नाचं उत्तर तिथे बसलेल्या प्रत्येकाला तपशीलवार देता आलं असतं. कुणी दिलं नाही. काकूंनी वायरी ओढून काढल्या, डॉक्टरांचा टेप कॅसेटसकट उचलला आणि आत नेला. दार लागलं. थोड्या वेळाने आतून पुन्हा तो आवाज आला, संपायच्या आधीच मागे फिरवला गेला, पुन्हा आला. आम्ही बाहेर किती वेळ बसून होतो कुणास ठाऊक. शेवटी मीच उठून भाकऱ्या वाढल्या. माणसं मान खाली घालून जेवली आणि हळूच चपला घालून निघून गेली. डॉक्टर टेप न घेताच गेले.

काकूंनी काकांशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पडवीत ठेवायच्या, आत जायच्या. काकांनी सुरुवातीला स्टोअरमधे माझ्याकडे तक्रार केली: "मी एक शब्द बोललो नाय तिला, आणि तीच माज्यावर?" दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "मला वाटायचं, मी लई सोसलं." तिसऱ्या आठवड्यात काहीच म्हणाले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन स्टोअरमधेच बसून राहायला लागले, आणि हातमोजे मागेल त्याला भोकं न बघता द्यायला लागले. त्यामुळे अख्ख्या कारखान्याला त्यांची काळजी वाटली.

एका रविवारी डॉक्टर घिवलीला आले. टेप परत न्यायला नव्हे. पडवीत काका बसले होते. त्यांना नुसता नमस्कार करून डॉक्टर थेट काकूंपाशी गेले. मी तिथेच नारळ सोलायला बसले होते.

"वहिनी, मला कॅसेटची प्रत करायची परवानगी हवी होती."

"त्यांना विचारा की. त्यांची ना ती?"

डॉक्टरांनी पडवीकडे पाहिलं. काका खाली बघत म्हणाले, "तिची हाय कॅसेट."

हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं, ते तिथे आम्हा दोघांनाच कळलं. डॉक्टरांना आणि मला. काकूंनी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की संगणकावर दोन्ही वेगळं करता येईल. आईंचं गाणं स्वच्छ, स्वतंत्र. तिकडे साहेबांचं स्वतंत्र.

"कापायचं?"

"कापायचं म्हणजे... वेगळं करायचं."

"नाय. आय मधी हाय तर मधीच राहील. इतकी वर्षं ती दोगं एका कॅसेटीत नांदली, कुनी भांडलं नाय. तुमी कशाला येगळं काडता?"

अशा रीतीने ते मुद्रण जसंच्या तसं जगभरच्या चाहत्यांपर्यंत पोचलं. पुढचे काही महिने डॉक्टरांनी पेशंटच्या दाढांपेक्षा परदेशी चाहत्यांच्या प्रश्नांवर जास्त वेळ घालवला. एकाने सिद्ध केलं की अंगाईची लय आणि साहेबांची लय एकच आहे. दुसऱ्याने लांबलचक निबंध लिहिला की साहेबांनीच मुद्दाम ती तिथे घातली असणार, ते काळाच्या पुढे होते. हे वाचून काका प्रथमच मोठ्याने हसले म्हणे. काहींनी गायिकेचं नाव विचारलं. ते डॉक्टरांनी काकूंना विचारून घेतलं आणि साहेबांच्या नावाखाली लिहिलं, पूर्ण नाव, गाव दातिवरे, जिल्हा पालघर.

काका निवृत्त झाले. मी दुसऱ्या कारखान्यात गेले. मंडळ मोडलं असं कुणी म्हटलं नाही, पण जमेनासं झालं. मागच्या दिवाळीत मी फराळ घेऊन घिवलीला गेले. काकू मागच्या दारी कोलंबी साफ करत बसल्या होत्या. मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवलेला आणि त्यावर तेच चाललेलं. थोड्या अंतरावर काका नारळाच्या झावळ्या तासत होते. दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण जपून, एकमेकांच्या पायावर पाय पडू नये म्हणून चालतात तसं.

"बस गो," काकू म्हणाल्या. "आयचं येईल आता."

अंगाई आली. काकूंचे हात कोलंबीवर तसेच थांबले. नातीला झोप लागली असावी, कारण गाणं हळूहळू नुसतं गुणगुणणं झालं, आणि मग ते संपलं. खट् झालं. फितीवर अंगाईनंतर साहेबांचं काहीच उरलं नव्हतं. त्यांचं वाजवणं तेवढ्यात संपून गेलं होतं. उरल्या होत्या फक्त टाळ्या. त्या एकदम फुटल्या. हजारो माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, पाय आपटत होती. थांबेचनात.

काकू मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"बघ कश्या टाळ्या वाजवतात," त्या म्हणाल्या. "माज्या आयला."

मी काकांकडे पाहिलं. एक पाय की दोन पाय यावरून अख्खा पावसाळा अबोला धरणारा हा माणूस. त्यांनी कोयता खाली ठेवला. टाळ्या अजून चालूच होत्या.

"वाजवणारच," काका म्हणाले. "सगळा हॉल उभा राहिलाय."